खालच्या टाकीतली रिकामी जागा

७ एप्रिल

टाकी बसली एकदाची. अकोल्याचा मासेवाला जाताना बजावून गेला, समुद्राच्या पाण्याची टाकी आहे, रोज तापमान बघा, खारटपणा बघा आणि लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून बिलाशिवाय मी काही लिहिलेलं नाही. पाहू किती दिवस टिकते हौस.

तापमान २८. खारटपणा बरोबर. कूलर टाकीकडे वळवून ठेवलाय. पूनम म्हणते, "बायको घामानं निथळून राह्यली अन् माशाइले कूलर!" म्हणू दे. कॅमेरे आणि इन्व्हर्टर बसवायची दुकानं आता स्टँडवर माझ्यासारखी चार झाली. पण खाऱ्या पाण्याचे मासे नांदुऱ्यापासून खामगावपर्यंत कोणी ठेवून दाखवावेत! घरची टाकी नमुना म्हणून चालवायची, मग एकेका डॉक्टरला आणून दाखवायची आणि दवाखान्यात बसवून द्यायची. वडनेर भोलजीत राहून असा धंदा कोणाच्या डोक्यात आला नसेल.

टाकी माडीवर आहे, आमच्या दोघांच्या समोरच्या खोलीत. खाली निवृत्तीदादा, सुवर्णावहिनी आणि माय. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून पाइपात पडतं, खाली कपाटातल्या छोट्या टाकीत येतं, तिथून पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप चोवीस तास चालू. आमच्या वरच्या बोर्डाचा भरवसा नाही, म्हणून स्लॅबला भोक पाडून वायर खालून आणली, दादाच्या बियाण्याच्या खोलीतल्या बोर्डावरून. दादा शिडी धरून उभा होता.

"जीवन, थे भोक बुजवून टाकजो बरं."

"हाव."

विषय संपला. दादाचं असंच असतं, एकदा विचारतो.

११ एप्रिल

सांडलं! दुपारी लाईन गेली, लोकांना विकतो तो इन्व्हर्टर घरी नाही, पंप बंद पडला, आणि वरचं पाणी पंपाच्या पाइपातून उलटं खाली उतरलं. खालची टाकी मी हौसेने काठोकाठ भरली होती. ती कपाटातून बाहेर. आधी मेन स्विच पाडला, मग फडकी घेतली. निदान एवढी अक्कल होती. खारं पाणी आणि करंट यांची गाठ पडली तर माणूस जागचा उठत नाही.

अकोल्याला फोन लावला तर तो हसतो लेकाचा. म्हणाला, खालची टाकी नेहमी एक हिस्सा रिकामी ठेवायची असते, लाईन गेल्यावर वरून येणाऱ्या पाण्याला जागा पाहिजे की नको? आणि वर जाणाऱ्या पाइपाला वरच्या टाकीत पाण्याखाली बोटभर अंतरावर बारीक छिद्र पाडा. पाणी तेवढं उतरलं की छिद्रातून हवा शिरते आणि ओढ तुटते. हे आधी सांगायला याचं तोंड शिवलं होतं का?

छिद्र पाडलं. सगळ्या वायरींना प्लगाच्या आधी खाली झोल दिला, म्हणजे थेंब वायरीवरून आला तरी झोलावरूनच गळून पडेल. पूनमच्या नेलपॉलिशने खालच्या टाकीच्या काचेवर लाल रेघ मारली. रेघेच्या वर पाणी नाही. पूनम म्हणाली, नवी बाटली होती.

फरशी वाळली तर सगळीकडे पांढरं. पुन्हा गोड्या पाण्याने पुसली, पुन्हा पांढरं. तिसऱ्यांदा गेलं.

१९ एप्रिल

आज नळाचा दिवस होता. आठ दिवसांनी पाणी येतं म्हटल्यावर घरात जे जे पोकळ आहे ते ते माय भरते. हंडे, बादल्या, कुकर, चहाचं पातेलं. मागे एकदा माझं हेल्मेट भरायला निघाली होती, खोटं नाही.

आज वर आली, कपाट उघडं दिसलं, आणि खालच्या टाकीसमोर तांब्या घेऊन उभी!

"माय, नको! थे रिकामीच ठेवा लागते."

"नळाच्या दिवशी? रिकामी? काऊन?"

सांगितलं, लाईन गेली की पाणी वरून येते, त्याच्यासाठी जागा. तिने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर काही उतरलं नाही. मग म्हणाली, "बाप्पा! इकडे आखा मुलूख खाऱ्या पाण्यानं हैरान. आपल्या बेबीच्या सासरी, वरवटले, लोकाइचे मूत्रपिंडं गेले खारं पाणी पिऊन. अन् तू नळाच्या गोड्या पाण्यात मीठ कालवून राह्यला?"

मी कपाट लावून घेतलं. धंदा तिला समजत नाही.

खालून दादाचा आवाज आला, "जीवन, मोटार बंद केली का?" मी म्हटलं, "हाव." तो पलंगावरून उठलासुद्धा नाही. नळाचं पाणी गच्चीवर चढवायची मोटार मी नंतर बंद केली, दोन मिनिटांनी. काही बिघडलं नाही.

भोक बुजवायला सिमेंट आणायचं राहून गेलं.

२८ एप्रिल

तापमान २९. दोन्ही मासे खातात. नारिंगी रंग, पांढरे पट्टे. सुवर्णावहिनी वर येऊन पाहून गेली, म्हणाली लग्नातल्या नवरदेवासारखे दिसतात.

खाली दादाचा सोहळा चालू आहे. घरचं सोयाबीन बियाणं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून मोड मोजायचे. शहाऐंशी निघाले. तेव्हा लगेच पोत्यांची तोंडं लाल सुतळीने बांधली. आमच्या बाबांपासूनची रीत आहे. लाल सुतळी बांधली की पेरणीपर्यंत त्या पोत्याला कोणी हात लावायचा नाही. दादा बियाण्याला कडक ऊन लागू देत नाही, पोतं कधी आदळू देत नाही. दाणा आतून फुटते म्हणतो. फळ्यांवर लहान लेकरू निजवावं तसं ठेवतो.

पाच पोती. त्यातलं एक बेबीताईचं. भाऊजी गेल्यापासून वरवट बकालला ती एकटीच शेत पाहते, तिचं बियाणं दरवर्षी दादाच देतो. एक शेजारच्या शेताच्या गुलाबरावांचं. तेही दुसऱ्या कोणाचं बियाणं पेरत नाहीत. म्हणतात, निवृत्तीची लाल सुतळी दिसली की मी पिशवी हुंगतही नाही.

मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. पण दादाची तेवढी एकच हौस आहे.

१४ मे

झालं ते नीट लिहून काढतो.

पहाटे नळ आला होता. नंतर दादा, वहिनी आणि माय वरवटला गेले, बेबीताईच्या घरचं लग्न. मी दुकानात. पूनम शेजारी कुरडया घालायला. दुपारी वारा सुटला आणि लाईन गेली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

पूनमचा फोन आला, "या लवकर, जिन्यापर्यंत पानी आलं."

येऊन बघतो तर कपाटातून धार. लाल रेघ कधीच बुडालेली. काठोकाठ भरलेली होती खालची टाकी. मायने भरली! जायच्या आधी, नळाचं पाणी संपायच्या आत, रिकामी दिसली म्हणून भरून गेली. आणि वरचं बारीक छिद्र मिठाने बुजलेलं. ते आठवड्याला टाचणीने साफ करा म्हणून मासेवाल्याने फोनवर सांगितलं होतं, मी केलं नव्हतं.

मेन पाडला. फडकी, चादरी, पूनमचे दोन परकर, सगळं लावलं. गोड्या पाण्याने तीनदा पुसलं. मासे शाबूत. म्हटलं, चला, वाचलो.

मग पूनम म्हणाली, "एवढं पानी निंगालं अन् फडक्यात एवढंच कसं आलं?"

मी वायरीकडे पाहिलं. झोल मी फक्त माडीवर, प्लगाशी दिला होता. भोकाशी वायर सरळ खाली गेली होती.

खाली पळालो. आमच्या आतल्या खोल्यांना कुलूप नसतंच कधी. पाणी वायर धरून उतरलं होतं आणि बोर्डाच्या अलीकडे सुटून बरोबर पोत्यांवर. दोन पोती मधोमध काळी पडलेली. हात लावला तर गार. बोट चाखलं.

१५ मे

पूनम सकाळपासून एकच, "दादाले फोन करा. सांगून टाका." अरे, लग्नघरात फोन करून काय सांगू, तुझं बियाणं भिजवलं? वाळलं की झालं. दाणाच तर आहे.

लाल सुतळ्या सोडल्या. गच्चीवर ताडपत्री टाकून दोन्ही पोती पसरली. मे महिन्याचं ऊन, दुपारपर्यंत खडखडीत. फुगून सुरकुतलेले दाणे निवडून शेजारच्या बकरीला घातले. बाकीचे तसे बरे दिसत होते, थोडे मळकट. मग डोकं चालवलं. ती दोन पोती तशीच ठेवली तर रंगात फरक कळेल. म्हणून पाचही पोती सोडली, सगळं गच्चीवर एकत्र केलं, फावड्याने वरखाली करून पुन्हा सारखं भरलं. आता कुठे काही कळत नाही. समजा थोडं नुकसान झालंच तर ते सगळ्यांत वाटून जाईल, कोणा एकाला जड जाणार नाही.

पोती एकट्याने खाली नेली. एक जिन्यावर निसटलं, पण फाटलं नाही.

सुतळ्या पुन्हा बांधल्या. पूनम दारात उभी राहून बघत होती. तिने हातभार लावला नाही.

१६ मे

आले सगळे. मायला झापायला तोंड उघडलं आणि मिटलं. टाकी काऊन भरली म्हणावं तर सांडलं कसं कळेल तिला? आणि सांडलं म्हटलं की पुढचं सगळंच. चांगलीच पंचाईत! चूक तिची आणि गप्प मी बसायचं.

बेबीताईने पुरणपोळ्या बांधून दिल्यात. दादा म्हणाला, "बेबी म्हने, पोतं कधी पाठवतं?" खूश होता. ताईने यंदा पहिल्यांदा स्वतः ट्रॅक्टर ठरवलाय.

छिद्र साफ केलं. आता दर सोमवारी करायचं.

२ जून

वहिनी म्हणत होती, बियाण्याच्या खोलीत फरशीवर पांढरं कशाचं येते, पुसलं की पुन्हा येते. मी म्हटलं, भिंतीची ओल. खालच्या पाण्याचा गुण आहे, इकडे जमीनच खारी. ती म्हणाली, एवढे वर्स तर नाई आलं.

तापमान ३०. जास्त आहे. बर्फाच्या बाटल्या सोडल्या.

१८ जून

पेरणीजोगा पाऊस झाला. दादा सकाळीच अंघोळ करून तयार. पोत्यांना हळद-कुंकू लावलं मायने.

पहिलं पोतं उचलायला वाकला आणि थांबला. गाठीवर अंगठा फिरवला. 

"जीवन, पोते कोनं सोडले व्हते का?"

"नाई."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पोतं उचललं आणि गेला बैलगाडीकडे. झालं! एवढंसं होतं. मी महिनाभर उगाच झोप घालवली. दादा खरंच साधा माणूस आहे, एकदा विचारतो, विषय संपला. पूनमला सांगितलं तर ती जेवली नाही. बायकांना हवा असतो तमाशा.

दुपारी गाडीने बेबीताईचं पोतं वरवटला गेलं. गुलाबराव त्यांचं घेऊन गेले.

२७ जून

उगवलं नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. पेरणीच्या तासात, म्हणजे ओळीत, चार दाणे उगवले की हातभर रिकामं, मग दोन. मी शेतात गेलो नव्हतो, वहिनीनेच सांगितलं. दादा सकाळपासून तासांवर उकिडवा बसलाय, माती उकरून दाणे बघतो. ज्यांनी त्याच दिवशी पेरलं त्यांचं हिरवंगार दिसतंय म्हणे.

खोल पडलं असेल. मध्ये दोन दिवस ऊन कडक होतं. पेरणारा नवा होता. कारणं काय कमी असतात? यंदा हवामानच विचित्र आहे.

३० जून

गुलाबराव ओट्यावर येऊन बसले. भांडले नाहीत, तेच वाईट. चहा घेतला, म्हणाले, "निवृत्ती, होते एखाद्या वर्सी." आणि निघताना, "बाजारातून आनून दुबार पेरलं म्या." दादा त्यांच्या पाठीकडे बघत बसला.

बेबीताईचा फोन वहिनीने घेतला. ताईच्या शेतात निम्मंसुद्धा नाही. दुबार पेरायला तिला ट्रॅक्टर आठवडाभर मिळत नाही. वहिनी फोनवर "हाव, हाव" करत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

दादाने जेवताना मीठ मागितलं, मी पुढे केलं, त्याने घेतलं. एवढंच.

५ जुलै

नांदुऱ्याचे डॉक्टर टाकी बघायला आले, बायकोसह. बराच वेळ खुर्ची ओढून बसले. म्हणाले, पेशंट शांत बसतील. मग विचारलं, "सांडत वगैरे नाही ना हो? खाली माझी औषधांची खोली आहे."

"छे! आमच्याकडे आजपर्यंत थेंब नाही."

ऑर्डर पक्की झाली. मला वाटलं होतं त्या दिवशी मी गावभर पेढे वाटीन. पूनम चहाचे कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

९ जुलै

लिहू का नको असं झालंय. लिहितो.

आज नळ होता. दुपारी लाईन गेली, दुकान तसंच टाकून गाडी हाणत घरी आलो. जिना चढून बघतो तर दादा. कपाटासमोर फतकल मारून बसलेला, हातात मग, बाजूला दोन बादल्या. खालच्या टाकीतलं पाणी उपसत होता. पेरणीपासून वर आला नव्हता तो.

"मायनं भरली व्हती," तो म्हणाला. "पूनम म्हने, लाल रेघेपर्यंत ठेवा लागते. तिले जड बादल्या उचलू देल्या नाई म्या."

 तो उपसत राहिला. पाणी रेघेखाली गेलं तेव्हा हातातला मग खाली ठेवला. मग त्याची नजर वायरीवरून सरकत भोकापाशी गेली. भोकाच्या कडेला मिठाची पांढरी साय होती. त्याने बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"हे बुजवजो म्हनलं व्हतं."

तेव्हा माझं तोंड सुटलं. म्हटलं, मायने भरली होती टाकी, मी घरी नव्हतो, मी तर सगळं वाळवलं, कडक उन्हात वाळवलं, चांगलं एकत्र केलं... बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं, मी काय सांगतोय.

"उन्हात," दादा म्हणाला. "एकत्र."

"दादा..."

"गाठ माही नव्हती, जीवन. मले तवाच दिसलं. मी उजव्या हातानं सुतळी आत घालतो, थे बाहेरून व्हती. दुसरा कोनी नाई म्हनला असता तं मी पोतं उलटं केलं असतं. पुन्हा शंभर दाने लावले असते. चार दिवस थांबलो असतो, काय बिघडत व्हतं? पन तुले विचारलं, तू नाई म्हनला. म्हून पेरलं."

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता, एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मी रडलो. पस्तिशीचा घोडा भिंतीला टेकून हमसून रडलो. दादाने दोन्ही बादल्या उचलल्या आणि जपून, थेंब न सांडता, जिना उतरून गेला.

१३ जुलै

बेबीताईचा फोन मला आला. दुबार पेरणी झाली एकदाची, उशिरा का होईना. मग म्हणाली, "दादाले काही बोलू नको रे. मले फोनवर म्हने, माह्याच हातून पोते ओले झाले, माहीच चूक. आवाज कसा झाला व्हता त्याचा. एवढं जपनारा मानूस, त्याच्या हातून कसं झालं बापा?"

आता सांगावं, असं वाटलं. ओठांपर्यंत आलं.

"हाव ना," मी म्हटलं.

गुलाबरावांनाही त्याने हेच सांगितलंय. गावात हेच झालंय. निवृत्तीच्या लाल सुतळीवर आता कोण विसंबतो, असं स्टँडवर माझ्यासमोर एक जण बोलला. मी इन्व्हर्टरचे नट आवळत होतो. आवळत राहिलो.

१५ जुलै

भोक बुजवलं. सिमेंटची पुडी एवढीशी लागली. खालच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा काटा बसवला, पाणी रेघेवर गेलं की भोंगा वाजतो. कपाटाला कडी घातली. बियाण्याच्या खोलीची फरशी गोड्या पाण्याने धुतली, आज चौथ्यांदा. तरी कोपऱ्यात पांढरं येतंच.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सांडतं. लाईन गेली की सांडतं, काळजी नाही घेतली तर खालच्या खोलीत उतरतं. ते म्हणाले, मग राहू द्या सध्या.

पूनम आज माझ्या शेजारी बसून जेवली. 

१७ जुलै

नळ आला. सकाळचं उजाडलेलं होतं. माय हंडे भरत होती, टाकीकडे फिरकली नाही. कडी पाहून गेली असावी. मी खाली जाऊन मोटार लावली, गच्चीवरची नळाच्या पाण्याची टाकी भरली, मोटार बंद केली, वर आलो.

खालून दादाने पलंगावरूनच हाक मारली. बऱ्याच दिवसांनी मारली, मला इतकं बरं वाटलं की मी वही बाजूला टाकून गॅलरीत धावलो.

"जीवन, मोटार बंद केली का?"

"हाव, दादा."

 मग पलंग करकरला. दादा बनियनवर बाहेर आला, चपला घातल्या, अंगण ओलांडून मोटारीपाशी गेला आणि वाकून तिच्यावर हात ठेवून पाहिला.

मोटार बंदच होती.